नंदादेवीचं दार

डोंगर उंच असला की त्याच्या माथ्यावर कोण पोचलं, एवढंच आपण विचारतो. नंदादेवीच्या बाबतीत हा प्रश्न फार पुढचा आहे. तिच्या पायथ्याशी कसं पोचायचं, हे शोधण्यातच बाहेरच्या माणसांची पन्नास वर्षं गेली. पहिला इंग्रज १८८३ साली तिच्या दारापाशी जाऊन हात हलवत परत आला. दार सापडलं १९३४ साली. आणि १९८३ साली सरकारने ते लावून घेतलं. म्हणजे पन्नास वर्षं दार शोधण्यात गेली, पन्नास वर्षं त्यातून ये-जा झाली, आणि आज चाळीस वर्षांहून जास्त काळ ते बंद आहे. हा हिशोब माझ्या डोक्यात बसला तो काही केल्या जाईना, म्हणून हा लेख.

आधी डोंगर कसा आहे ते सांगते. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात, पिथौरागढच्या सीमेला लागून नंदादेवी उभी आहे. उंची ७,८१६ मीटर. आमच्या बेळगावकडच्या माणसाला उंच म्हणजे येळ्ळूरचा राजहंसगड. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. अशा चार कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी नंदादेवीला बाराशे मीटर कमीच पडतील. भारतात तिच्याहून उंच एकच, कांचनजंगा. पण ती नेपाळच्या सीमेवर आहे. पूर्णपणे आपल्या हद्दीतलं सर्वांत उंच शिखर नंदादेवीच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोजणी करणाऱ्या इंग्रजांना तर काही काळ हाच जगातला सर्वांत उंच डोंगर वाटत होता. मग नेपाळकडचे डोंगर मोजले गेले आणि तो मान गेला.

शिखरं खरं तर दोन आहेत. मुख्य नंदादेवी आणि तिच्या पूर्वेला ७,४३४ मीटरची धाकटी, जिला सुनंदादेवी म्हणतात. दोघींच्या मध्ये सुमारे दोन किलोमीटरची धारदार कड आहे. बहिणी हात धरून उभ्या आहेत असं तिकडचे लोक म्हणतात ते काही खोटं नाही.

पण नंदादेवीचं वेगळेपण उंचीत नाही, तिच्या भोवतालच्या भिंतीत आहे. सुमारे ११० किलोमीटर घेराचं डोंगरांचं कडं तिच्याभोवती आहे. त्रिशूल, दुनागिरी, चांगबांग, कलंका, हरदेवल, मैकतोली अशी एकाहून एक शिखरं त्यात खांद्याला खांदा लावून उभी आहेत. त्यांतली डझनभर तरी ६,४०० मीटरहून उंच. या भिंतीत पाच हजार मीटरच्या खाली उतरणारी फट एकच आहे. ती पश्चिमेला, जिथून आतलं सगळं बर्फाचं पाणी घेऊन ऋषिगंगा बाहेर पडते आणि रैणी गावापाशी धौलीगंगेला मिळते. म्हणजे चिरेबंदी वाडा, मध्ये अंगण, अंगणात नंदादेवी, आणि बाहेर यायला फक्त मोरी. त्या मोरीतून आत शिरायचं! घळीच्या दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे, आणि तळाला पाऊल टाकायला जागा नाही इतकं पाणी.

गढवाळ-कुमाऊंच्या लोकांना मात्र आत जाण्याची घाई कधी नव्हती. त्यांच्यासाठी नंदा ही लेक आहे. गढवाळीत लग्न झालेल्या लेकीला ध्याण म्हणतात, आणि नंदा ही सगळ्या मुलखाची ध्याण. गावं हे तिचं माहेर, वरचं बर्फ हे सासर. साधारण बारा वर्षांनी राजजात निघते, म्हणजे तिला सासरी पोचवायची यात्रा. नौटी गावापासून होमकुंडापर्यंत सुमारे २८० किलोमीटरची ही चाल. पुढे चार शिंगांचा मेंढा असतो, त्याच्या पाठीवर लेकीची पाठवणी बांधलेली असते: बांगड्या, कापड, खाऊ. होमकुंडापाशी त्याला मोकळं सोडतात आणि माणसं मागे फिरतात. बायका रडतात. मला विचाराल तर जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेल्या कुठल्याही मराठी बाईला यातलं काही समजावून सांगायला नको. लेकीला उंबऱ्यापर्यंत पोचवायचं, तिच्या घरात शिरायचं नाही.

बाहेरच्यांना मात्र शिरायचं होतं. १८८३ साली डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम नावाचा इंग्रज दोन स्विस सोबत्यांना घेऊन ऋषिगंगेच्या घळीत घुसायला गेला आणि हरला. १९०५ साली टॉम लाँगस्टाफ हा डॉक्टर पूर्वेच्या बाजूने भिंतीवर चढला. त्याच्याबरोबर इटलीचे ब्रोशरेल बंधू होते. सुमारे ५,९०० मीटरवरच्या खिंडीतून आतलं अंगण त्यांना दिसलं, पण खाली उतरता आलं नाही. दोन वर्षांनी लाँगस्टाफ ऋषिगंगेकडून आला. लाताचे धनगर आपली मेंढरं ज्या वाटेने धरांसीची खिंड ओलांडून दिब्रूघेटाच्या कुरणात नेत, तीच वाट त्याने धरली. आतल्या घळीचा शेवटचा भाग त्यालाही जमला नाही. पण त्याच मोसमात, १२ जून १९०७ रोजी, तो ब्रोशरेल बंधू आणि करबीर नावाच्या गुरखा सैनिकासह त्रिशूलच्या माथ्यावर पोचला. सात हजार मीटरहून उंच शिखरावर माणूस उभा राहिल्याची ती पहिली नोंद.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. साहेबांच्या पुस्तकांत ही घळ ‘अज्ञात’ म्हणून येते. अर्ध्या वाटेपर्यंत तरी ती अज्ञात नव्हती. दिब्रूघेटा हे नावच मुळी तिथे मेंढरं घेऊन जाणाऱ्यांनी दिलेलं आहे. अज्ञात होते ते शेवटचे सहा-सात किलोमीटर, जिथे मेंढराला चरायला काही नाही आणि म्हणून धनगराला जायचं कारण नाही.

पुढे अल्मोड्याचे डेप्युटी कमिशनर ह्यू रटलेज यांनी पुन्हापुन्हा प्रयत्न केले, शेवटचा १९३२ साली दक्षिणेकडून. भिंत काही वाकली नाही.

मग १९३४ साली एरिक शिप्टन आणि बिल टिलमन आले. या दोघांची रीत निराळी होती. त्या काळी मोहीम म्हणजे शेकडो हमाल, तंबूंचं गाव, डबाबंद खाण्याच्या पेट्या. हे दोघंच, आणि बरोबर तीन शेर्पा: अंगथारके, पासांग आणि कुसांग. शेर्पा जे खातील ते आपण खायचं, जे ओझं ते उचलतील ते आपणही उचलायचं, असा करार. घळीच्या त्या शेवटच्या तुकड्याला त्यांना आठवड्याहून जास्त दिवस लागले. कड्याला बोटभर पायरी सापडली की पुढे, नाही सापडली की मागे, आणि प्रत्येक ओझं पुन्हापुन्हा खेपा घालून न्यायचं. शेवटी भिंत संपली आणि समोर हिरवं कुरण उघडलं. भरल, म्हणजे हिमालयातल्या निळसर रानमेंढ्या, तिथे कळपाने चरत होत्या आणि माणसाला बघून पळतही नव्हत्या. त्यांनी माणूस पाहिलाच नव्हता, घाबरणार कशाला?

शिप्टन-टिलमन त्या वर्षी शिखरावर गेले नाहीत. तेवढी शिदोरी नव्हती. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा आत जाऊन त्यांनी नकाशे केले, वाटा पाहिल्या, आणि दक्षिणेच्या सुंदरढुंगा खिंडीवरून जीव मुठीत धरून बाहेर पडले. दार सापडलं होतं.

दोन वर्षांनी चार इंग्रज आणि चार अमेरिकन गिर्यारोहकांची मोहीम आली. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि नोएल ओडेल माथ्यावर पोचले. खरं तर ओडेलबरोबर चार्ल्स ह्यूस्टन जायचा होता, पण वरच्या तंबूत डबाबंद मांस खाऊन तो आजारी पडला आणि टिलमनला त्याची जागा मिळाली. माथ्यावर या दोघांनी काय केलं? हस्तांदोलन. एवढंच. कोण पोचलं हे जगाला सांगायची घाईही त्या मंडळींना नव्हती; बाहेर धाडलेल्या तारेत दोघे पोचले एवढंच होतं, नावं नव्हती. पुढची चौदा वर्षं, १९५० साली अन्नपूर्णा चढली जाईपर्यंत, माणसाने गाठलेलं सर्वांत उंच शिखर हेच होतं.

त्या तारेत आणखी एक नाव नव्हतं. कितार. १९३४ साली नंगा पर्बतवर नऊ माणसं वादळात मेली, त्यातून जिवंत उतरलेल्या मोजक्या शेर्पांपैकी हा एक. नंदादेवीच्या तळावर तो हगवणीने गेला. कड्यावरून पडला नाही, हिमात गाडला नाही. औषध पुरलं नाही. आणि ज्या दिवशी शिखर सर झालं, त्याच दिवशी पलीकडे पिंडर नदीला पूर येऊन थराली गावात माणसं वाहून गेली. लोक म्हणाले, देवी कोपली. पूर पावसाने येतो हे मलाही कळतं. पण सासरच्या घरात परका शिरला तर लेकीला राग येणारच, हे लोकांचं म्हणणं त्यांच्या गोष्टीशी किती चोख जुळतं बघा.

त्यानंतर वाट रुळत गेली. १९३९ साली पोलंडच्या लोकांनी पूर्वेचं शिखर जिंकलं. त्यांतले दोघे पुढे तिरसूलीवर हिमप्रपातात गेले. १९५१ साली रॉजे दुप्ला आणि जिल्बेर विन्य हे फ्रेंच तरुण एका शिखरावरून दुसऱ्यावर कडेकडेने जायचं म्हणून निघाले आणि दिसेनासे झाले. त्यांना शोधायला पूर्वेच्या शिखरावर जे दोघे चढले, त्यांतले एक तेनसिंग नोर्गे. एव्हरेस्ट पाहिलेले तेनसिंग पुढे सांगत की आपल्या आयुष्यातली सर्वांत अवघड चढाई ही होती. १९६४ साली नरेंद्र कुमार यांच्या नेतृत्वाखाली पहिल्यांदा भारतीय मोहीम मुख्य शिखरावर पोचली; नवांग गोम्बू आणि दावा नोर्बू हे माथ्यावर उभे राहिले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने लोपनोरला अणुस्फोट केला, आणि नंदादेवीच्या गोष्टीत एक विचित्र प्रकरण घुसलं. चीनच्या क्षेपणास्त्रांच्या चाचण्यांवर कान ठेवायचं यंत्र शिखरावर बसवावं, असं अमेरिकेच्या आणि आपल्या गुप्तहेर खात्यांनी ठरवलं. यंत्राला वीज द्यायला प्लुटोनियमवर चालणारा जनित्र. १९६५ साली एव्हरेस्टवर नऊ जणांना पोचवणारे कॅप्टन एम. एस. कोहली यांच्याकडे हे काम आलं. ऑक्टोबर १९६५मध्ये हवा बिघडली, तेव्हा सामान वरच्या मुक्कामावर खडकाला बांधून माणसं खाली आली. पुढच्या वर्षी जाऊन बघतात तर सामान नाही. हिमप्रपाताने नेलं असावं. पुष्कळ शोधलं, आजतागायत सापडलेलं नाही. लोकांना हे कळलं १९७८ साली, एका अमेरिकन मासिकातून. पंतप्रधान मोरारजी देसाईंना मग संसदेत निवेदन करावं लागलं. ज्या हिमनद्यांचं पाणी ऋषिगंगेतून धौलीगंगेत, तिथून अलकनंदेत आणि पुढे गंगेत जातं, त्यांच्या उशाशी आपण काय ठेवून आलो, हे पायथ्याच्या गावाला तेरा वर्षं कुणी सांगितलं नाही.

१९७४ साली दोन गोष्टी घडल्या. परदेशी मोहिमांना नंदादेवीचं अंगण पुन्हा खुलं झालं. आणि २६ मार्चला रैणीच्या जंगलात कुऱ्हाडी घेऊन ठेकेदाराची माणसं शिरली. गावातले पुरुष जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेलेले. गौरादेवी नावाची विधवा बाई पंचवीस-तीस बायका-मुली घेऊन झाडांपाशी जाऊन उभी राहिली. कुऱ्हाडी परत गेल्या. पुढे सरकारी समितीने अहवाल दिला आणि त्या खोऱ्यात दहा वर्षं झाडतोड बंद झाली. गौरादेवीचं माहेर लाता, सासर रैणी. दोन्ही गावं ऋषिगंगेच्या तोंडाशी, नंदादेवीच्या दाराशी. चिपकोचं नाव जगभर गेलं, पण ते जंगल नंदादेवीच्या वाटेवरचं होतं हे फार थोड्यांना आठवतं.

बायकांनी झाडं वाचवली आणि त्याच वाटेने मोहिमा वाढत गेल्या. शेकडो हमाल, पीठ वाहणाऱ्या शेळ्यांचे कळप, आणि प्रत्येक मुक्कामावर चूल. सरपणाला काय? भोजपत्राची झाडं आणि धुपाची झुडपं, जी त्या थंडीत बोटभर वाढायला वर्षं घेतात. मागे राहिले डबे, दोर, प्लास्टिक. त्यात कस्तुरीमृग आणि भरल यांची चोरटी शिकार.

१९७६ साली आलेल्या भारत-अमेरिका मोहिमेत बावीस वर्षांची एक मुलगी होती. तिचं नावच नंदादेवी. वडील विली अनसोल्ड हे नावाजलेले गिर्यारोहक. तरुणपणी त्यांनी हे शिखर लांबून पाहिलं आणि लेकीला ते नाव द्यायचं ठरवलं. ती या मोहिमेत वरच्या मुक्कामापर्यंत पोचली आणि ८ सप्टेंबरला तंबूतच, बापाच्या समोर गेली. त्यांनी तिला तिथेच बर्फाच्या स्वाधीन केलं. तिकडचे लोक म्हणाले, ती देवीच होती, आपल्या घरी परत आली. त्या बापाला हे बोलणं आधार वाटलं असेल की नाही, कुणास ठाऊक. आई म्हणून मला ती गोष्ट वाचवत नाही.

१९८१ साली कर्नल बलवंत संधूंच्या मोहिमेत रेखा शर्मा, हर्षवंती बिश्त आणि चंद्रप्रभा ऐतवाल या तिघी माथ्यावर पोचल्या. नंदादेवीवर उभ्या राहिलेल्या या पहिल्या बायका. हर्षवंतीबाई गढवाळच्या, चंद्रप्रभाबाई पिथौरागढच्या, म्हणजे माहेरच्याच लेकी. पुढे हर्षवंतीबाईंनी गंगोत्रीच्या वर भोजपत्राची झाडं लावण्याचं काम हाती घेतलं. चढाईत काय जळतं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

१९८२ साली या अंगणाचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८३पासून गिर्यारोहण बंद. १९८८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. दहा वर्षांनी, १९९३ साली, लष्कराच्या इंजिनियर दलाची मोहीम आत गेली, तिने मोहिमांचा उरलेला कचरा बाहेर काढला आणि रान पुन्हा उभारी धरतंय असं नोंदवलं. इथवर सगळं चांगलंच झालं म्हणायचं.

पण कुलूप लावताना आत-बाहेर कोण आहे हे कुणी पाहिलं नाही. लाता-रैणीचे लोक भोटिया. पूर्वी त्यांचा तिबेटशी व्यापार होता. मीठ आणि लोकर इकडे, धान्य तिकडे. १९६२च्या युद्धानंतर ती सीमा बंद झाली. उरली मेंढरं, रानातली औषधी मुळं आणि मोहिमांची हमाली. वीस वर्षांनी तेही गेलं. डबे टाकणारे आपापल्या देशांत परत गेले. प्लुटोनियम ठेवणारे दिल्लीत आणि अमेरिकेत. बंदी लागली ती धरांसीवर मेंढरं नेणाऱ्यांना, ज्यांच्या बायकांनी आठ वर्षांपूर्वी झाडांना मिठी मारली होती. १९९८ साली लाता आणि आसपासच्या गावांतली माणसं ठरवून बंदी मोडून आत गेली. ‘झपटो-छीनो’ असं त्यांनी आपल्या आंदोलनाला नाव दिलं. २००१ साली लातात जमून त्यांनी एक जाहीरनामा केला: पाहुणे यावेत, पण रानाला इजा न करता, आणि वाटाड्याचं, मुक्कामाचं काम गावाला मिळावं, त्यात बायकांचा वाटा असावा. पुढे सरकारने वाटेचा बाहेरचा थोडा भाग मोजक्या लोकांसाठी उघडला. आतलं अंगण बंदच आहे.

मी बद्रीनाथला गेले होते तेव्हा बरोबरच्या बायकांसह जोशीमठहून औलीला चढून नंदादेवी पाहिली. आमचा गाडीवाला धौलीगंगेच्या काठचा. तो म्हणाला, “माताजी, लोग पूछते हैं ऊपर क्या है. नीचे हम हैं, यह कोई नहीं पूछता.”

७ फेब्रुवारी २०२१ला हे बोलणं मला आठवलं. त्या सकाळी रौंठी शिखराचा एक प्रचंड कडा बर्फासकट तुटून खाली आला आणि ऋषिगंगेतून चिखल-दगडांचा लोंढा सुटला. रैणीजवळचा वीजप्रकल्प पुसला गेला, तपोवनच्या बोगद्यांत कामगार अडकले, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. वर हरवलेलं ते यंत्रच फुटलं, असं गावकरी म्हणू लागले. शास्त्रज्ञांनी सांगितलं की कडा तुटला, अणूचा संबंध नाही. ते खरंच आहे. पण लोकांच्या मनात ती शंका कुणी पेरली? ज्यांनी वर काय ठेवलं ते तेरा वर्षं लपवलं, त्यांनीच.

आता अधूनमधून मागणी येते की शिखर पुन्हा खुलं करा. परवान्याचे पैसे येतील, नाव होईल. माझं म्हणणं साधं आहे. शिखराला घाई नाही; ते पुढची शंभर वर्षं कुणी न चढता राहिलं तरी कुणाचं पोट उपाशी राहणार नाही. आधी लाता-रैणीच्या मेंढरांचा, मुळांचा, वाटाड्यांच्या कामाचा प्रश्न सोडवा. किती माणसं आत जातील, चूल कुठे पेटेल, कचरा कोण आणेल, हे त्या गावच्या सभेने ठरवू दे, आणि त्या सभेत बायका असू देत. मग ते दार उघडायचं की लावूनच ठेवायचं, हे त्याच सांगतील. लेक त्यांची आहे. तिला उंबऱ्यापर्यंत पोचवून मागे कधी फिरायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको.